तारेचे सहा पीळ

तारेचे पीळ सहा होते. जुन्या रेडिओच्या वेटोळ्यातून काढावी तशी तांब्याची बारीक तार, मशीनच्या दांड्याभोवती आणि दांड्याला टेकलेल्या कडीभोवती एकत्र गुंडाळलेली, मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं पिळलेली आणि उरलेलं टोक आत वळवून दाबलेलं — कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. हे आत वळवलेलं टोक तिनं आधी ओळखलं, तार नंतर पाहिली; पाकिटावरचं अक्षर आधी ओळखू येतं आणि पत्ता मागाहून वाचला जातो, तसं. बाबांचं काम. पण पहिले चारच पीळ एकसारखे होते. पाचवा सैल होता आणि सहावा पाचव्यावर चढला होता. बाबांचा पीळ दुसऱ्या पिळावर चढत नाही... चढलेला तिनं तरी आजवर पाहिला नव्हता.

अवजारांच्या खोलीत पत्र्याखाली दहा वाजताच उकडत होतं. गवत कापायचं मशीन मधोमध उभं होतं, आणि उघड्या दारातून मागचं आवार दिसत होतं — खोलीपासून कुंपणापर्यंत उतरत गेलेलं, पोटरीएवढ्या गवतानं भरलेलं. तिनं अंगठा तारेवरून फिरवला. कडी हातानं दाबून धरली तरच इंजिन चालतं. हात सुटला की कडी मागं उडते आणि पातं तीन सेकंदांत थांबतं — माणूस घसरला, पडला, त्याला चक्कर आली, तरीही. सगळ्या मशीनमध्ये ही एवढी एकच गोष्ट माणसासाठी असते, बाकीचं सारं गवतासाठी. आणि ती बांधून टाकलेली.

सोयीसाठी बांधली असेल, ती मनात म्हणाली. वय झालं, बोटं दुखतात. तिनं तार तशीच ठेवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

हा नियमही बाबांचाच. चौतीस वर्षं ते एका प्रयोगशाळेत नाजूक तराजू आणि सूक्ष्मदर्शक दुरुस्त करत होते. ज्या तराजूवर श्वास पडला तरी आकडा हलतो, त्याच्या काट्याला ते चिमट्यानं हात घालायचे, आणि शेजारचे लोक बोलणं थांबवून बघत राहायचे. त्यांना सगळे स्थिरपंत म्हणायचे. घरातही दुरुस्तीला बाहेरचा माणूस कधी आला नाही. “आपल्याकडून वस्तू बाहेर जाते ती चोरीला गेली तरच,” असं आई म्हणायची, अर्धं कौतुकानं, अर्धं वैतागून. आधी हवा, मग ठिणगी, मग इंधन — लहानपणी तिला आणि धाकट्या भावाला हे पाढ्यांसारखं पाठ होतं, आणि भाऊ पाढ्यांसारखंच विसरला होता.

म्हणून आईचा फोन आला तेव्हा तिला आधी गंमतच वाटली होती. “मशीन बंद पडलंय, आणि हे हात लावायला तयार नाहीत. तीन आठवडे झाले. दुकानातून माणूस बोलावते म्हटलं तर अंगावर आले. सोमवारपासून सूनबाईची रजा संपते, चिमणी परत दुपारची इथं येणार, आणि त्या गवतात पोर दिसायचीसुद्धा नाही. तूच येऊन बघ बाई.” चिमणी म्हणजे भावाची मुलगी, साडेचार वर्षांची. आई दुपारभर वाचनालयात कामाला असते, तेव्हा शाळा सुटल्यापासून भाऊ न्यायला येईपर्यंत ती आणि आजोबा — चार तास, दोघंच.

आणि सकाळी चहाच्या वेळी बाबा म्हणाले होते, “राहू दे ग. जुनं झालंय ते. मी तर हात टेकले त्याच्यापुढं.”

हात टेकले. हे वाक्य त्यांच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकलं, आणि तरी ती हसली होती.

हवा. एअर फिल्टरचं झाकण काढलं. आतला स्पंज स्वच्छ, हलकं तेल लावलेला. जिथं धूळ असायला हवी होती तिथंही धूळ नव्हती. यंत्र बंद पडण्याच्या आधल्या दिवसापर्यंत कुणीतरी त्याची काळजी घेत होतं. तिनं खडूनं भिंतीवर एक रेघ मारली.

ठिणगी. प्लग काढला तर तो ओला. तो कापडानं पुसला, फुंकर घातली, परत टोपीत बसवून इंजिनच्या धातूला टेकवून धरला आणि दुसऱ्या हातानं दोरी ओढली. एरवी याला तिसरा हात लागतो, कडी दाबायला. बांधलेल्या तारेचा फायदा तिलाच झाला. निळी, बारीक, खणखणीत ठिणगी उडाली. पुन्हा ओढली, पुन्हा उडाली. दुसरी रेघ.

दोरी ओढून दंड भरून आला म्हणून ती स्टुलावर बसली, आणि बसल्यावर सकाळचा चहा आठवला. बाबांचा कप अर्धाच भरलेला होता. आईनं सगळ्यांना ओतला आणि बाबांच्या कपाशी हात आपोआप थांबला, इतका सवयीनं की ते थांबणं दिसलंच नाही. बाबांनी कप दोन्ही हातांनी धरला होता. थंडी आहे, असं तिनं मनात म्हटलं होतं. आता पत्र्याखाली घाम पुसताना तिला कळेना की कुठली थंडी. अंगात बटणांचा शर्ट नव्हता, डोक्यातून घालायचा सदरा होता. वर्तमानपत्र हातात नव्हतं, टेबलावर पसरलेलं होतं. उजवा हात... उजवा हात तिला आठवेना. आल्यापासून तो तिनं पाहिलाच नव्हता. खिशात होता, टेबलाखाली होता, पाठीमागं होता.

एकेकटं निरीक्षण काहीच सांगत नाही. चार झाली की त्यांच्यातून रेघ जाते, आणि एकदा गेली की पुसता येत नाही.

इंधन.

टाकीखालची नळी सोडवून तिनं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. उग्र, गोडसर वास खोलीभर झाला. बरणी उजेडात धरली, आणि ती दोन भागांत होती. वर फिकट पिवळं, खाली रंग नसलेलं, आणि मधे एक थरथरती रेषा, आरशाच्या कडेसारखी चकाकणारी. खालचं पाणी. इंजिनला हवा होती, ठिणगी होती, आणि पेटवायला पाणी.

थोडं पाणी साठतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं चार थेंब जमतात. चार थेंब. हे तळहातभर होतं. पाऊस? खोली कोरडी, टाकीचं झाकण पक्कं. म्हणजे कुणीतरी — तिनं मनातसुद्धा ‘कुणीतरी’च म्हटलं. आईला हे मशीन कधीच आवडलं नव्हतं, त्याच्या आवाजानं तिचं डोकं उठायचं. पण ज्या बाईला मशीन बंदच ठेवायचंय ती दुरुस्तीसाठी मुलीला फोन का करेल? आणि टाकीचं झाकण तर दाबून फिरवावं लागतं, ते तिला आयुष्यात कधी उघडता आलं नाही.

पाणी किती आहे ते मोजावं म्हणून तिनं खिडकीकडं हात केला. तिथं बाबांचं जुनं मोजपात्र असतं, निरोपसमारंभात मित्रांनी थट्टेनं दिलेलं. वर्षानुवर्षं धूळ खात, आत मेलेल्या माशीसकट. ते घडी घातलेल्या फडक्यावर उपडं ठेवलेलं होतं. धुतलेलं. लख्ख.

तिचा हात तिथंच राहिला.

त्यांनी मोजून घातलं होतं. अर्थात मोजून. इंजिन बिघडणार नाही, गंज चढणार नाही, फक्त सुरू होणार नाही — एवढं. दुसरा कुणी असता तर लोटाभर ओतून मोकळा झाला असता. मी मोजपात्र बुचकळून विसळलं, झटकलं, बरणीतलं खालचं पाणी नळीनं त्यात हळूहळू उतरवलं आणि डोळे रेषेच्या पातळीत आणले, जसं त्यांनी मला शिकवलं होतं. बासष्ट मिलिलिटर. मला हसू आलं, पण पुढचा प्रश्न त्याच्या मागं तयार होता. ज्या माणसानं मोडलेलं घड्याळसुद्धा कधी टाकलं नाही, तो स्वतःचं चालतं यंत्र स्वतःच्या हातानं बंद का पाडेल? आणि नुसतं बंद नाही — कुणालाही बंद पाडल्यासारखं वाटू नये, असं?

टाकी रिकामी झालीच होती. तिनं प्लगची टोपी काढून बाजूला बांधली आणि मशीन आडवं केलं, फिल्टरची बाजू वर ठेवून. पात्याभोवती वाळक्या गवताचा लगदा जमून पत्र्याला चिकटला होता. पट्टीनं ती तो खरवडू लागली. हिरवट काळे पापुद्रे पडत होते, खालचा पत्रा दिसत होता. डाव्या कोपऱ्यात पट्टी कशाला तरी अडली, मऊ, गवताहून चिवट. तिनं ते बोटांनी ओढून काढलं.

लाल रबर. अंगठ्याएवढा तुकडा. दोन कडा फाटलेल्या, एक कड सरळ, ब्लेडनं कापावी तशी. त्यावर अर्धं पांढरं फूल.

‘कार्टी एक पाय घेऊन घरी आली’ — भाऊ फोनवर हसत होता, महिन्याभरापूर्वी. ‘एक सँडल गायब. विचारलं तर म्हणते हरवली. कुठं? तर म्हणते गुपित आहे, आजोबांचं आणि माझं. आता दोघं मिळून काय उद्योग करतात कोण जाणे.’ आणि तीही हसली होती. लाल सँडल तिनंच घेतल्या होत्या वाढदिवसाला, टाचेपाशी पांढरी फुलं असलेल्या. सगळ्यांत लहान आकाराच्या.

पात्याचं टोक सेकंदाला ऐंशी मीटरनं फिरतं. हा आकडा तिला कुणी विचारला नव्हता, तो आपोआप आला. खोलीच्या दारापासून कुंपणापर्यंत उतार. सैल पडलेला हात. बांधलेली कडी. हात सुटला, आणि यंत्राला ते कळलंच नाही. ते तसंच गरगरत, स्वतःच्या वजनानं, उतारावरून... आणि खाली कोण होतं, किती अंतरावर होतं, पळाली का, की आधीच पळाली होती आणि मागं फक्त सँडल राहिली होती? सँडलमध्ये पाय होता का, हे तुकडा सांगत नव्हता. पाय शाबूत आहे एवढं माहीत होतं. तो किती अंतरानं शाबूत आहे, हे नव्हतं.

नऊ वर्षांची असताना तिच्या हातून स्वयंपाकघरातला वजनकाटा पडला होता, आणि ती म्हणाली होती, तो आधीपासूनच असा दाखवतो. बाबा रागावले नाहीत. संध्याकाळभर त्यांनी तो तिच्याकडूनच उघडून घेतला, वाकलेली पट्टी तिला शोधू दिली, आणि शेवटचा स्क्रू बसवताना म्हणाले, “यंत्र आपल्याशी खोटं बोलत नाही. म्हणून आपणही त्याच्याबद्दल खोटं बोलायचं नाही.” त्यानंतर ती बोललीही नव्हती. माणसांबद्दल बोलली असेल.

दारात सावली आली. तिनं तुकडा खिशात टाकला — विचार करून नव्हे, हात आपला आपण गेला.

“काय निघालं?” बाबांनी विचारलं. आत आले नाहीत. उजवा हात खिशात.

“पाणी. टाकीत.”

“किती?”

पाणी कसं गेलं, असं त्यांनी विचारलं नाही.

“बासष्ट.”

बाबांनी घडी घातलेल्या फडक्याकडं पाहिलं, मग मोजपात्राकडं. “साठ असेल,” ते म्हणाले. “तू भांडं ओलं घेतलंस.”

बाहेर गवतातून कसलातरी किडा एकसुरी वाजत होता. बाबांनी खिशातला हात बाहेर काढला आणि तिच्यासमोर धरला, पंजा खाली करून, एखादा भाग तपासायला द्यावा तसा. बोटं हलत होती. अंगठा पहिल्या बोटावर घासत होता, जणू तिथं एक न दिसणारी गोळी वळायची होती आणि ती वळून होत नव्हती. तिनं नकळत मोजलं. सेकंदाला पाच.

“डॉक्टर...”

“जाऊन आलो. आईला ठाऊक आहे. हात हलतो, एवढंच ठाऊक आहे.” त्यांनी हात परत खिशात घातला. “नाव आहे त्याला. नाव मिळालं म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही.”

“ती तार...”

“काढून टाक.”

“बाबा, तेव्हा...”

“अजून काही निघालं का ग?” त्यांनी मधेच विचारलं. आवाज तसाच, प्रयोगशाळेतला. पण त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती, आडव्या केलेल्या मशीनच्या खरवडलेल्या कोपऱ्यावर होती.

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी की ओळखल्यासारखी, ते कळलं नाही. जायला वळले, आणि पाठमोरेच म्हणाले, “तुझ्या भावाला काही बोलू नकोस. ती येते म्हणून दुपार होते ग माझी. बाकी नुसतं ऊन या भिंतीवरून त्या भिंतीवर जातं.”

पक्कड घेऊन तिनं तार कापली. कडी खटकन मागं उडाली, इतके दिवस दाबून ठेवलेली. तार तिनं खिशात टाकली. कार्बोरेटरची वाटी सोडवून तिच्यातलं पाणी पुसलं, नळ्या फुंकून काढल्या, टाकी कोरडी केली, कॅनमधलं नवं पेट्रोल भरलं. हात सराईतपणे चालत होते आणि त्यांचं चालणं तिला आवडत नव्हतं. हे सगळं उलटही करता आलं असतं. साठ मिलिलिटर, किंवा बासष्ट. यंत्र बंद ठेवता आलं असतं. पण यंत्र बंद राहून काय होणार होतं? उकळतं दूध होतं. जिना होता. रस्ता ओलांडताना धरायचा हात होता. या सगळ्यांच्या टाक्यांत कोण पाणी घालणार?

साडेतीन वाजता तिनं मशीन बाहेर गवताच्या कडेला आणलं, डाव्या हातानं कडी दाबली आणि दोरी ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला आणि धरलं. आवाज छातीत घुसला. स्वयंपाकघराच्या खिडकीत आई आली, हसली, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्यासारखं केलं, टाळ्या ऐकू आल्या नाहीत. मागच्या दारात बाबा होते. ते हसत नव्हते. ते मशीनकडं असे पाहत होते, जणू एखादा ओळखीचा माणूस सुटून आला होता.

तिनं कडी सोडली. एक. दोन. तीन. थांबलं.

आणि हात गुणगुणत राहिले. इंजिनचं थरथरणं बोटांत शिल्लक होतं. तिनं पंजा खाली करून डोळ्यांसमोर धरला, आणि तो थांबायची वाट पाहू लागली. हे नेहमी होतं. अर्ध्या मिनिटात जातं. अंगठ्याला जरा जास्त वेळ लागतो. लागतो ना? याआधी तिनं कधी मोजलं नव्हतं.

फाटक वाजलं. “वा ताई! आवाज कोपऱ्यापर्यंत आला,” भाऊ ओरडतच आला. “तू इंजिनिअरच व्हायला हवं होतंस, उगीच त्या रसायनांच्या बाटल्या हलवत बसलीस.” त्याच्या मागून चिमणी. निळ्या सँडल. ती धावत सुटली, आणि मशीन दिसताच थांबली. मग त्याच्यापासून लांबचा वळसा घेऊन, भिंतीच्या कडेकडेनं, आजोबांपाशी गेली. त्यांनी डावा हात पुढं केला होता. तिनं तो घेतला नाही. पलीकडून जाऊन खिशातला उजवा काढला आणि दोन्ही मुठींत गच्च धरला. हात थांबला.

“आत्या, माझ्या सँडल बघ. नव्या,” ती तिथूनच म्हणाली. “लाल हरवली. हो ना आजोबा?”

“हो,” बाबा म्हणाले.

“सगळी आजोबांवर गेलीय बघ, वस्तू कुठं ठेवते पत्ता नाही,” आई दारातून म्हणाली.

“आजोबांवर? आई, बाबांची कधी एक टाचणी तरी हरवलीय का?” भाऊ हसला. “बरं, मग सोमवारपासून नेहमीसारखं. मी हिला एक वाजता सोडतो. चालेल ना सगळ्यांना?”

तो विचारत कुणालाच नव्हता. पण बाबांनी तिच्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या बोटांना लटकलेल्या चिमणीनंही, तिच्या त्या लहान, शहाण्या, सगळं आधीच ठरवून ठेवलेल्या डोळ्यांनी. बोलायला फार लागलं नसतं. तुकडा काढून तळहातावर ठेवला असता तरी पुरलं असतं. मी एक मोजलं. दोन. तीन. चार... काहीच थांबलं नाही. भाऊ गवताकडं बघत “अर्धं आज कापून टाकू का,” म्हणत होता, आई चहाचं विचारत आत गेली होती, ऊन भिंतीवरून सरकत होतं. आणि आपला हात खिशात आहे हे मला तेव्हा कळलं. तो किती वेळ तिथं होता आणि काय करत होता, हे बघायला मी तो बाहेर काढला. लाल तुकड्याभोवती तांब्याची तार गुंडाळली गेली होती. पीळ सहा होते. सगळे एकसारखे, एकही दुसऱ्यावर न चढलेला, आणि टोक आत वळवून दाबलेलं — कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून.